कन्व्हर्टर शोधण्याआधी हे वाचा

सोलापुरात सात रस्त्यावर माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. सुरुवात लग्नाच्या कॅसेटपासून झाली. आता येणाऱ्यांत यूट्यूब आणि इन्स्टावर व्हिडिओ टाकणारी पोरंपोरीच जास्त. कुणी शेंगा चटणीची रेसिपी दाखवतं, कुणी दहावीचं गणित शिकवतं, कुणी गावोगावची कीर्तनं रेकॉर्ड करतं. बहुतेकांची अडचण एकच असते, "काका, फाईल उघडेना. एखादं चांगलं कन्व्हर्टर सांगा ना." नुसतं नाव सांगून भागत नाही. कन्व्हर्टर नीट पारखून घेतलं नाही, तर काय गमवावं लागतं ते मी जवळून पाहिलं आहे.

गड्ड्याच्या यात्रेत एका मुलानं नंदीध्वजांची मिरवणूक मोबाईलवर शूट केली होती. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या क्लिपचा आवाज यायचा, चित्र दिसत नव्हतं. त्यानं इंटरनेटवर 'फ्री कन्व्हर्टर' शोधलं, जे पहिलं हाती लागलं ते टाकलं, सगळ्या क्लिप बदलून घेतल्या आणि मोबाईल भरला म्हणून मूळ फाईली पुसून टाकल्या. माझ्याकडे आला तेव्हा प्रत्येक क्लिपच्या मधोमध सॉफ्टवेअरच्या नावाचा वॉटरमार्क होता. मानकऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंदीवर चौकटी उठल्या होत्या. आवाजाचं तर आणखी वाईट. क्लिपच्या सुरुवातीला हलगीवर काठी पडते तेव्हाच आवाज येत होता, पण शेवटाकडे काठी अजून हवेत असतानाच कडकडाट ऐकू यायचा. तुकडे पाडून आवाज कसाबसा जुळवला. चित्रातला गेलेला तपशील मात्र कुठूनही आणता येईना, कारण मूळ फाईल उरलीच नव्हती.

वाईट याचं वाटलं, की त्या मुलाला कन्व्हर्टरची गरजच नव्हती. बऱ्याच नव्या मोबाईलवर व्हिडिओ एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या पद्धतीनं साठवला जातो. हे मानक २०१३ सालचं. आयफोनवर ते २०१७ पासून आलं. कमी जागेत चांगलं चित्र मावतं, हा त्याचा फायदा. जुन्या कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही, म्हणून पडदा काळा राहतो. अशा वेळी आधी व्हीएलसी प्लेअर टाकून पाहा. तो फुकट आहे आणि एचईव्हीसी थेट चालवतो. कॉम्प्युटर फारच जुना असेल तर चित्र अडखळेल, पण फाईल शाबूत आहे हे तरी कळेल. पुढच्या शूटिंगसाठी आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असा पर्याय असतो.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. आतली भाजी म्हणजे कोडेक, एच.२६४ किंवा एच.२६५. भाजी तशीच ठेवून डबा बदलला तर चव बिघडत नाही. पण बहुतेक कन्व्हर्टर भाजी पुन्हा शिजवतात आणि दर खेपेला चव थोडी उतरते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की आपल्याला डबाच बदलायचा आहे का? ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर लेक्चर एमकेव्हीत रेकॉर्ड केलं असेल, तर त्याच ओबीएसच्या फाईल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे. क्षणात एमपी४ मिळतं आणि चित्राला धक्का लागत नाही. बाकी फाईलींसाठी शटर एन्कोडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'रीरॅप' आहे, तेही हेच काम करतं.

खरोखर पुन्हा एन्कोड करायची, म्हणजे भाजी पुन्हा शिजवायची वेळ आलीच, तर मी हँडब्रेक सुचवतो. ते २००३ पासून चालत आलेलं, खुल्या सोर्सचं आणि पूर्ण फुकट आहे. वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही. फक्त लक्षात ठेवा, हँडब्रेक चित्र नेहमी नव्यानंच एन्कोड करतं, नुसता डबा बदलून देत नाही. त्यात फुल एचडीसाठी एच.२६४ निवडून क्वालिटीचा आकडा २० ते २४ च्या दरम्यान ठेवा. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी.

हलगीचा आवाज पुढेमागे का झाला, तेही सांगतो. मोबाईल उजेडाप्रमाणे आणि स्वतःवरच्या ताणाप्रमाणे सेकंदाच्या फ्रेम कमीजास्त करतो. काही कन्व्हर्टर आणि एडिटिंग सॉफ्टवेअर त्या सारख्याच अंतरावर आहेत असं धरून चालतात, म्हणून क्लिप जितकी लांब तितका फरक वाढत जातो. हँडब्रेकच्या व्हिडिओ टॅबमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडलं, की हा त्रास बहुतेक वेळा मिटतो. जे सॉफ्टवेअर ही निवड करूच देत नाही, ते मोबाईलवर शूट करणाऱ्याच्या उपयोगाचं नाही.

फाईल किती मोठी असावी, यावरही खूप गोंधळ असतो. फुल एचडी, ३० फ्रेमच्या व्हिडिओसाठी यूट्यूब सेकंदाला ८ मेगाबिट सुचवतं. म्हणजे मिनिटाला साधारण ६० एमबी, दहा मिनिटांना ६०० एमबी. तुमची फाईल याच्या आसपास असेल तर अपलोडआधी ती आणखी बारीक करू नका. यूट्यूब तिकडे स्वतः पुन्हा एन्कोड करतंच. क्लिप एकमेकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून टाका. नाहीतर एडिटिंगआधीच चित्र निम्मं होतं.

आता सुरक्षिततेचं. त्या मुलाच्या कॉम्प्युटरवर कन्व्हर्टरबरोबर आणखी दोन-तीन प्रोग्राम न विचारता येऊन बसले होते आणि ब्राउझर उघडला की जाहिरातींचा मारा सुरू व्हायचा. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरमधून व्हायरस पसरवले जातात, असा इशारा दिला होता. ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये तुमचं फुटेज दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातं, हेही ध्यानात घ्या. गिऱ्हाइकाच्या लग्नाचं शूटिंग तिथे चढवायचा आपल्याला अधिकार नाही. चांगल्या सॉफ्टवेअरचंही डाउनलोड तपासूनच घ्यावं. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकची फाईल बदलून त्यात व्हायरस घुसवला गेला होता. हँडब्रेकनं स्वतःच ते जाहीर केलं आणि फाईल अस्सल आहे की नाही ते कसं ताडून पाहायचं, हेही सांगितलं. म्हणून डाउनलोड फक्त मूळ साइटवरून करा, सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक करू नका आणि पेनड्राइव्हवरून फिरणारी 'क्रॅक' तर कधीच टाकू नका.

पैसे देऊन घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण अटी वाचून घ्या. एका कंपनीचं 'लाइफटाइम' लायसन्स मीही घेतलं होतं. पुढची आवृत्ती आली तेव्हा कळलं की लाइफटाइम म्हणजे फक्त त्याच आवृत्तीचं. विचारपूस केली तर उत्तर आलं नाही. पैसे देण्याआधी ट्रायलवर काय अडवलंय, दरवर्षी आपोआप पैसे कापले जातात का, किती कॉम्प्युटरवर चालतं आणि परतावा मिळतो का, एवढं पाहून घ्या.

ज्यांच्या घरी लग्नाच्या किंवा यात्रेच्या मिनीडीव्ही कॅसेट आहेत, त्यांनी त्या बाहेर उतरवून घेताना मूळ डीव्ही फाईलच मागावी. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, पण कॅसेटवर आहे तेवढं सगळं त्यात येतं. दुकानदारानं नुसती लहान एमपी४ दिली, तर हलणाऱ्या हातापायांवर दिसणाऱ्या आडव्या रेषा त्यात कायमच्या राहून जायची भीती असते. मूळ फाईल असेल तर त्या 'डीइंटरलेस' करून पुन्हा नीट काढता येतात.

शेवटी, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, आधी एका मिनिटाची क्लिप त्यातून काढा. ती भरपूर हालचालीची आणि बोलण्याची असू द्या. वॉटरमार्क आला का, चेहरे ताणले किंवा चेपले का, रंग फिके पडले का आणि अंधाऱ्या भागात चौकटी दिसतात का, ते पाहा. मग एक लांब क्लिप काढून तिच्या अगदी शेवटी ओठ आणि आवाज जुळतात का, ते तपासा. हे सगळं मोठ्या पडद्यावर आणि हेडफोन लावून करा. मूळ फाईलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि बदललेली प्रत शेवटपर्यंत पाहून झाल्याशिवाय मोबाईलमधून काही पुसू नका. आणि यातलं काही जमत नसेल, तर पुसण्याआधी एखाद्या जाणत्याला विचारा. सात रस्त्याला आलात तर मलाही विचारा, एवढं सांगायचे मी पैसे घेत नाही.