वाचलेला धम्म आणि आचरलेला धम्म

प्रश्न : ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला, धर्मानंद कोसंबींची पुस्तकेही वाचली. अनित्यता पटते, पण चहा थंड मिळाला की सुनेवर खेकसतोच. स्नेही म्हणतात, इगतपुरीला विपश्यना शिबिरात दहा दिवस बसल्याखेरीज सारे वाचन फुकट. खरे काय?
— एक निवृत्त कारकून, अकोला

उत्तर : वाचन मुळीच फुकट गेलेले नाही. पाली परंपरेने प्रज्ञा श्रुतमय (ऐकून-वाचून आलेली), चिंतामय (मननातून आलेली) व भावनामय (साधनेतून आलेली) अशी त्रिविध सांगितली असून, पहिल्या दोहोंचा संचय आपणांपाशी झालेला आहे आणि तिसरीस अद्याप प्रारंभ व्हावयाचा आहे, एवढेच या खेकसण्यावरून शाबीत होते. खुद्द कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपात श्रामणेर होऊन पाली ग्रंथांत गढले, तरी पुढे ब्रह्मदेशात ध्यानाभ्यासही त्यांनी केलाच. तथापि शिबिर म्हणजे बौद्धत्वाची सनद नव्हे. बाबासाहेबांनी धम्माचा भार माणसाने माणसाशी कसे वागावे यावर ठेवला आहे, तेव्हा साधनेचा आरंभ, माझ्या मते, घरातच आणि सम्यक् वाचेपासून करावा. रोज पहाटे वीस मिनिटे ताठ बसून नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास केवळ न्याहाळावा. क्रोध उसळताच कानशिले कशी तापतात, श्वास कसा आखूड होतो, हे आधी पाहावे, मग बोलावे. सूनबाईंना आपल्यातल्या बदलाचा सुगावा आपल्याआधी लागेल!

पुढे शिबिरास अवश्य जावे. तेथे शुल्क नाही, परंतु मौन कडक व बैठका दीर्घ असतात. मनोविकाराचा पूर्वेतिहास असल्यास अर्जात तो लपवू नये, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.