आपल्या गावाची हवा कोण मोजतं?



'वायू प्रदूषण' हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. कारणे, परिणाम, उपाय लिहून दिले की पाठ संपला! यंदा मात्र एका मुलीने विचारलं, "सर, जळगावची हवा मोजतात, मग आपल्या पहूरची कोण मोजतं?" मी क्षणभर गप्पच झालो. त्या प्रश्नाचं उत्तर इथे मांडतो.

हवा कशी मोजतात?

हवा प्रदूषण कायदा १९८१ चा. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते. साध्या केंद्रावर यंत्र हवा ओढून घेते आणि धूळ गाळणीच्या कागदावर जमते. कागदाच्या आधीच्या व नंतरच्या वजनातला फरक म्हणजे धूळ. काही शहरांत स्वयंचलित यंत्रे सतत आकडे देतात.

त्यावरून हवा गुणवत्ता निर्देशांक काढतात. ० ते ५० चांगली हवा, २०० च्या पुढे खराब, ४०० च्या पुढे गंभीर. मुलांना सांगताना लक्षात ठेवा, इथे गुणपत्रिकेसारखी सरासरी नसते. ज्या घटकाची स्थिती सर्वात वाईट, तोच निकाल!

शासनाचे उपाय

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपले जळगावही आहे. धूलिकणांची (पीएम १०) वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. यांत्रिक झाडू, रस्त्यांच्या कडा पक्क्या करणे, कचरा जाळण्यावर बंदी, हिरवे पट्टे असे उपाय यात येतात. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ मानक लागू झाले. ते देशभरासाठी आहे.

मग पहूर?

कार्यक्रम शहरांचा, आपलं गाव यादीत नाही. पण जळगाव-संभाजीनगर रस्त्यावरचे ट्रक इथूनच जातात, शेतात पऱ्हाट्या पेटतात, गल्लीत प्लास्टिक जळतं. हवेला कुठे शिव असते?

वर्गात करून पाहा

पांढऱ्या कार्डांवर व्हॅसलिनचा पातळ थर लावा. एक रस्त्याकडेला, एक वर्गात, एक झाडाखाली टांगा. तीन दिवसांनी भिंगातून कण मोजा. मात्र मुलांना हेही सांगा, की सर्वात घातक पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते इथे दिसणार नाहीत, पण फुप्फुसात खोलवर जातात.

एक कबुली देतो. सफाईनंतर पालापाचोळा मीच पेटवायला लावायचो. दम्याचा एक मुलगा धुरात खोकताना पाहिला आणि ते बंद केलं. आता आवारात खताचा खड्डा आहे.

पालकहो, घरासमोरचा कचरा पेटवण्याआधी एकदा मुलांकडे बघा. गावात यंत्र नसेल, पण त्यांचा खोकला तर आपल्याला ऐकू येतो ना?