पायथनच्या आधी शेल

बारावीनंतर संगणकाकडे वळणाऱ्या मुलांचे पालक हमखास विचारतात, ‘कोणती लँग्वेज शिकवायची, पायथन की जावा?’ माझं उत्तर असतं, आधी शेल. म्हणजे माउस बाजूला ठेवून, कमांड टाइप करून संगणकाकडून काम करून घेणं. मुलगी काळ्या खिडकीत रात्री उशिरापर्यंत काहीबाही टाइप करताना दिसली की घरात हॅकिंगची शंका येते. घाबरू नका, बहुधा ती उपयोगाचंच शिकत असते.

ही खिडकी म्हणजे टर्मिनल. तिथे टाइप केलेली ओळ वाचून ऑपरेटिंग सिस्टिमकडून ती पार पाडून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू केलं, तिथून ही परंपरा आली. युनिक्सच्याच धर्तीच्या लिनक्सवर सहसा भेटणारा बॅश हा शेल १९८९ चा. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, इन्स्टॉल केलं की तोच बॅश मिळतो, त्यासाठी नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही.

हे शिकायचं कशासाठी? वेबसाइट आणि ॲप चालवणारे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर असतात, आणि त्यांच्यापुढे स्क्रीन-माउस नसतो. दुरून लॉगिन करून कमांडच द्याव्या लागतात. जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. जनुकांच्या माहितीवर काम करणारी जीवशास्त्राची विद्यार्थिनीही शेवटी याच काळ्या खिडकीशी येते, हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

सुरुवात सोपी आहे. ‘पीडब्ल्यूडी’ ही कमांड आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगते, ‘एलएस’ तिथल्या फाइली दाखवते, ‘सीडी’ दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते. फाइलच्या नावात स्पेस असेल तर नाव अवतरणचिन्हांत घालावं लागतं, नाहीतर शेल त्याला दोन नावं समजतो. कमांड यशस्वी झाली तर पुष्कळदा पडद्यावर काहीच उमटत नाही. नवशिके इथे गोंधळतात, पण ही शांतता चांगली. ‘आरएम’ने मात्र सांभाळून राहा. तिने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेली ती गेलीच. इंटरनेटवरून उचललेली कमांड अर्थ कळल्याशिवाय कधीही चालवू नका.

शेलची खरी ताकद पाइपमध्ये आहे. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये युनिक्समध्ये ही सोय आली. एका कमांडचं उत्तर उभ्या रेघेच्या चिन्हाने थेट पुढच्या कमांडला देता येतं. समजा, कॉलेजच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एकेका विद्यार्थ्याच्या गावाचं नाव आहे, आणि कोणत्या गावाचे किती ते हवंय. ‘सॉर्ट’ने ओळी अक्षरक्रमाने लावायच्या आणि त्या ‘युनिक’ला द्यायच्या. तिला ‘उणे सी’ हा पर्याय जोडला की ती प्रत्येक गाव मोजून देते. आधी सॉर्ट का? कारण ‘युनिक’ फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळीच ओळखते. हे ‘का’ ज्याला स्वतःहून सुचतं, तो मुलगा तांत्रिक कामात टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

एकट्या शेलवर नोकरी मिळत नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन, क्लाउड, सायबर सुरक्षा यांपैकी कुठेही गेलात तरी शेल येतच असेल असं गृहीत धरलं जातं. त्यासाठी महागडा क्लास नको. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिनक्सचे धडे मोफत आहेत, मराठीतूनही. शिवाय ‘मॅन’ ही कमांड दिली की हव्या त्या कमांडची माहिती संगणकावरच उघडते. ती इंग्रजीत असते आणि रुक्ष असते, पण वाचायची सवय लावून घ्या.

पालकांनो, मुलांना महिनाभर हे करू द्या. मग शेजारी बसून, काय शिकलात ते त्यांच्याच तोंडून ऐका. मुलं ते तुम्हाला समजावून सांगू शकली, तर पुढच्या कोर्सची फी खुशाल भरा.