मैला जातो कोठे?

दर वर्षी ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी निघते. देहूबाहेरचा तिचा पहिला मुक्काम असतो आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात. त्या रात्री आकुर्डीत हजारो वारकरी उतरतात. त्यांच्या पाण्याची आणि जेवणाची काळजी सगळे गाव करते. आता एक प्रश्न विचारतो, नाक मुरडू नका. एवढ्या माणसांचा मैला जातो कोठे? आणि एका रात्रीचेच कशाला, तुमचा-आमचा रोजचा कोठे जातो?

आकुर्डीच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. पवना धरणातून सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि ते आपल्या नळाला येते. आपण वापरले की ते गटारातून मैलाशुद्धीकरण केंद्रात जाते आणि अखेर नदीला मिळते. जे केंद्रापर्यंत पोचत नाही, ते नाल्यातून तसेच नदीत उतरते. त्या पाण्याबरोबर नत्र आणि स्फुरदही नदीत जातात. हे दोन्ही आले कोठून? शेतातून, धान्याच्या आणि भाजीच्या रूपाने. शेत उपाशी राहते आणि नदीला अजीर्ण होते! मग नदीत जलपर्णी माजते आणि ती काढायला पैसे लागतात. तिकडे शेतकरी युरियाची पोती विकत घेतो. हे दोन खर्च दोन निराळ्या वह्यांत लिहिले जातात, म्हणून ते एकाच चुकीचे आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या वह्या एकत्र ठेवून पाहणारा एक माणूस आकुर्डीच्या अगदी शेजारी, देहूत होऊन गेला. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९५९ साली तेथे सरकारी डॉक्टर म्हणून आले. त्यांच्याकडे पोटाच्या विकारांचे रुग्ण येत. औषधाने बरे वाटे, पण काही दिवसांनी तोच रुग्ण पुन्हा दारात उभा.

असे का व्हावे? उदाहरणादाखल पोटातला मोठा जंत घ्या. त्याची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती मैल्यावाटे बाहेर पडतात. उघड्यावरच्या मातीत दोन-तीन आठवडे राहिली की त्यांच्यात अळी तयार होते. मग न धुतलेला हात किंवा कच्ची भाजी यांच्यामार्फत अंडी पुन्हा पोटात. तेथे अळी बाहेर पडते, रक्तातून फुप्फुसात जाते, घशाशी येऊन गिळली जाते आणि आतड्यात मोठी होते. गोळीने आतड्यातले जंत मरतात; परसातली अंडी तशीच राहतात. म्हणजे रोग एकट्या रुग्णात नाही, रुग्ण, माती आणि भाजी यांच्या साखळीत आहे. हे ओळखून डॉक्टर संडास बांधायच्या मागे लागले. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर गेल्या त्यांना हे पटवायला कित्येक दशके लागली, आणि माझ्या मते औषधे देण्यापेक्षा हे काम फार अवघड.

पण नुसता खड्डा खणून भागत नाही. विहिरीला लागून खणला, किंवा पावसाळ्यात भूजल खड्ड्यापर्यंत चढले, तर अंगणातली घाण पिण्याच्या पाण्यात! म्हणून जागा, माती आणि पाण्याची पातळी पाहूनच संडास बांधावा लागतो. याच्याही पुढे जाऊन मापुसकरांनी संडासाला जैववायू संयंत्र जोडले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून खत आणि गॅस मिळवण्याचे प्रयोग पूर्वीच केले होते. बंद टाकीत हवा नसते. तेथले जीवाणू मैल्यातील पदार्थांची आधी आम्ले करतात; दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन बनवतात. कार्बनचा काही भाग गॅसरूपाने निघून जातो, पण नत्र आणि स्फुरद बहुतेक रबडीत शिल्लक राहतात. म्हणजे चुलीला इंधन मिळाले आणि शेताचे देणेही शेताकडे परतले.

आता गणित करू या. एका माणसाच्या दिवसाच्या मैल्यापासून सुमारे ३० लिटर गॅस मिळतो. पाच जणांच्या घरात झाला १५० लिटर. एका माणसाच्या स्वयंपाकाला रोज सुमारे २५० लिटर लागतो, म्हणजे पाच जणांना १२५०. कोठे १५० आणि कोठे १२५०! घरी दोन गाई असतील आणि २० किलो शेण मिळत असेल, तर किलोमागे ४० प्रमाणे आणखी ८०० लिटर मिळतील. तरी ३०० कमीच. काही तूट स्वयंपाकघरातला ओला कचरा भरून काढील. तेव्हा केवळ गॅसच्या लोभाने जो संयंत्र बांधतो, तो पस्तावतो. जंत, विहीर, खत आणि गॅस असे चारही हिशेब एका पानावर मांडले, तरच हा सौदा फायद्याचा ठरतो.

एक सावधगिरी मात्र हवी. जंतांची अंडी भलतीच चिवट. टाकीतून बाहेर आलेल्या रबडीत त्यातली काही जिवंत असू शकतात, म्हणून ती लगेच पालेभाजीला घालत नाहीत. पालापाचोळ्याबरोबर दीर्घकाळ कुजवून आणि वाळवूनच वापरतात.

मापुसकर २०१५ साली वारले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

आता तुम्ही एक कागद घ्या. मध्यभागी आपले घर काढा. घरात येणाऱ्या पाण्याचा, धान्याचा आणि गॅसचा बाण कोठून निघतो, तसेच मोरी, संडास आणि कचऱ्याची बादली यांतून निघणारा बाण कोठे पोचतो, ते विचारून काढा. यांतले किती बाण वळून पुन्हा शेताकडे जातात ते मोजा. आकुर्डीतल्या आणि खेड्यातल्या मित्राचा कागद शेजारी ठेवून पाहिलात, तर आणखी मजा येईल.