फॉर्म भरला, पण नाव उमटले का?

मुलांनो, कागदी फॉर्म भरायला पेन पुरते. तोच फॉर्म टॅबलेटवर भरता येईल असे अॅप करायचे असेल, तर काय लागते ते या पाठात पाहू.

पीडीएफ हा प्रकार अॅडोबी कंपनीने १९९३ साली आणला. कोणत्याही यंत्रावर पान सारखेच दिसावे, हा त्यामागचा हेतू. १९९६ मध्ये त्यात भरता येणाऱ्या चौकटींची सोय झाली.

अशा चौकटीच्या दोन बाजू असतात. पहिली म्हणजे साठवलेला मजकूर. उदाहरणार्थ, 'आडनाव' या चौकटीत 'शिंदे'. दुसरी म्हणजे पानावर दिसणारे त्या मजकुराचे चित्र. अॅपने मजकूर साठवला, पण चित्र नव्याने काढले नाही, तर भरलेला फॉर्म दुसरीकडे कोरा दिसू शकतो. उलट, फॉर्मवर बोटाने नाव रेखाटले, तर ते डोळ्यांना दिसते. पण चौकट रिकामीच राहते. म्हणून चांगले अॅप दोन्ही कामे करते.

आता आपली मराठी पाहा. 'शिंदे' लिहिताना आपण आधी 'श' दाबतो, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी 'श'च्या आधी येते. ही जुळणी अॅपला जमली नाही, तर वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. इथल्या अरबीचेही तसेच आहे: ती उजवीकडून डावीकडे जाते आणि जागेप्रमाणे अक्षरे रूप बदलतात. पीडीएफच्या ठरावीक १४ फाँटमध्ये या दोन्ही लिपी नाहीत. त्यामुळे योग्य फाँट फाइलमध्येच घालावा लागतो. नाहीतर नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

पालकांनो, आपल्या नावांना हा प्रश्न जवळचा आहे. बहारीनच्या सीपीआर कार्डावर आपले नाव इंग्रजीत आणि अरबीत असते, गावाकडच्या कागदांवर मराठीत. एक अक्षर चुकले, तरी माणूस तोच हे पटवून देण्यासाठी खेपा घालाव्या लागतात. म्हणून फॉर्म पाठवण्याआधी तो पुन्हा उघडून वाचावा.

स्वाध्याय
१. भरता येणाऱ्या पीडीएफ फॉर्ममध्ये आजीचे पूर्ण नाव मराठीत लिहा आणि सेव्ह करा.
२. तो फॉर्म दुसऱ्या यंत्रावर उघडा. वेलांट्या व जोडाक्षरे जागेवर आहेत का?
३. तोच फॉर्म छापून घरी मोठ्याने वाचून दाखवा.