कार्ड बदलायच्या आधी

भाच्याच्या कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट सुरू केलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास चालायचं. मग अडखळायला लागायचं आणि नेमका ऐन मोक्याला पडदा गोठायचा. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच निदान केलं, ‘ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय, बदलून टाका.’ ताई पैसे मोजायला तयारही झाली होती. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

कार्डाची कुवतच कमी असेल तर ती पहिल्या मिनिटालाही कमीच असणार. आधी चांगला चालून मग बसणारा गेम म्हणजे बहुतेक वेळा तापण्याची तक्रार असते. खात्री करायला पैसे लागत नाहीत. गेमचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, म्हणजे कार्डाचं ओझं उतरतं. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर अडचण कार्डात नाही, बहुधा प्रोसेसरकडे आहे. आमच्याकडे एकही फ्रेम वाढली नाही.

मग आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट मिळतं आणि गेम चालू असतानाच कोपऱ्यात आकडे दाखवतं. कार्ड ६५ अंशांवर, तेही अर्धंमुर्धं रिकामं. प्रोसेसर मात्र ९९! इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. इथेही चार गिगाहर्ट्झवरचा काटा दोनच्या खाली आला होता.

कॅबिनेट होतं कॉम्प्युटर टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात, मागून भिंतीला टेकलेलं. एप्रिलचा महिना. आत सोडलेली गरम हवाच पंखा पुन्हा ओढत होता. उघडून पाहिलं तर पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्या दिसतच नव्हत्या, वर करड्या धुळीचा थर गोधडीसारखा बसलेला. शिवाय कूलरच्या चार प्लॅस्टिक खुंट्यांपैकी एक बोर्डातून सुटून वर आली होती. म्हणजे कूलर एका कोपऱ्याला प्रोसेसरवर टेकतच नव्हता. हे कार्ड बदलून कसं सुधारणार होतं, देव जाणे.

साफ करताना प्लग काढा, एकदा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने स्थिर वीज तयार होते. कूलर काढलाच तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी वाटाण्याएवढीच लावायची. भाच्याला सगळी ट्यूब पिळायची होती. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, ‘टक्’ आवाज येईपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आल्यात का ते पाहायचं.

कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढल्यावर प्रोसेसर पंचाहत्तरीच्या आसपास राहतो आणि गेम तासभर खेळला तरी बसत नाही.

तुमचा गेम पहिल्या मिनिटापासूनच रडत असेल तर मात्र आधी मॉनिटरची केबल बघा. ती वर मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये नको, खाली कार्डाच्या सॉकेटमध्ये हवी. वर लावलेली असेल तर महागडं कार्ड आत नुसतंच बसून राहतं.