घराचा कमरपट्टा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरातील धरणी हादरली आणि काही क्षणांतच गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ज्या भिंतींच्या आधाराने ती निर्धास्त झोपली होती, त्याच भिंतींनी बहुतेकांचा घात केला.

ही घरे दिसायला दुबळी नव्हती. भिंती दगडी, दोन-अडीच फूट रुंद. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. असे माळवद उन्हाळ्यात गारवा देई. ते गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती पसरत. मग अशी भक्कम घरे कोसळली का?

जमीन आडवी हलू लागली, की घर जितके जड, तितका त्याला बसणारा हिसका मोठा असतो. माळवदाचे ओझे येथे नडले. शिवाय भिंती रुंद असल्या, तरी एकसंध नव्हत्या. दगडांचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, आणि मधे दगडांचे तुकडे व माती. हिसका बसताच दोन्ही थर सुटले. कोपऱ्यांत भिंतींची एकमेकींवरील पकड गेली. काही घरांत लाकडी खांब तसेच उभे राहिले. भोवतालच्या भिंती मात्र ढासळल्या.

यावरील उपायांचा शोध भारतात पूर्वीच सुरू झाला होता. रुडकी येथील विद्यापीठात १९६० साली भूकंप-अभियांत्रिकीचे स्वतंत्र शिक्षण व संशोधन सुरू झाले. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या संशोधकांनी तेथे सामान्य माणसांच्या साध्या घरांचा अभ्यास केला. त्यांच्या परीक्षेची एक रीत मोठी नामी होती. रुळांवरील एका वाघिणीवर लहानसे घर बांधत आणि वजनाने भरलेली दुसरी वाघीण तिच्यावर आदळवीत. त्या धक्क्याने भिंत कोठे तडकते, हे डोळ्यांनी पाहता येई.

अशा अभ्यासातून साधे उपाय हाती आले. पहिला उपाय म्हणजे घराचा कमरपट्टा. दारांच्या वरच्या पातळीवर सर्व भिंतींवरून सळया घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावयाचा. बैलगाडीच्या चाकाचे लाकडी तुकडे जशी लोखंडी धाव आवळून धरते, तसा हा पट्टा चारही भिंतींना धरून ठेवतो. तो कोठेही तुटलेला मात्र असता कामा नये. दुसरा उपाय म्हणजे भिंतीत ठिकठिकाणी आरपार जाणारे लांब दगड बसविणे. त्यामुळे आतला व बाहेरचा थर एकमेकांशी जखडले जातात. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरले, तरी हाच हेतू साधतो. माळवदावरील जादा माती उतरवून भारही हलका करता येतो.

या उपायांसाठी दगडाचे घर टाकून द्यावे लागत नाही. पडलेल्या घराचा दगड पुन्हा वापरता येतो. तो भाजण्यासाठी भट्टी लागत नाही, की जळण लागत नाही.

भूकंपात टिकणारी घरे कशी बांधावीत, याचे नियम भारतीय मानक संस्थेने १९६७ साली प्रसिद्ध केले होते. परंतु किल्लारीचा प्रदेश त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानला जाई. त्यामुळे तेथील गवंड्याला कमरपट्ट्याची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. भूकंपानंतर ती सांगण्यात आली आणि हजारो जुनी घरे मजबूत करण्यात आली.

भूकंप थोपविणे माणसाच्या हाती नाही. घर नीट बांधणे त्याच्या हाती आहे. त्यासाठी प्रयोगशाळेतील ज्ञान गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि तेही धरणी हादरण्यापूर्वी.